माळ्यावर सापडलेल्या जुन्या क्यूची किंमत कशी ठरवावी

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतील वडिलोपार्जित घराचा माळा रिकामा करताना आपल्याला काळ्या पत्र्याच्या लांब नळीत ठेवलेली एक ‘पूल क्यू’, म्हणजे टेबलावरच्या खेळात चेंडू मारण्याची लांब लाकडी काठी, सापडली. आपले आजोबा महूच्या छावणीत एका मेसमध्ये हिशेबनीस होते आणि नोकरी सोडताना ती त्यांना एका अधिकाऱ्याने दिली, असे घरात सांगितले जाते. क्यूची लांबी 56¾ इंच आहे, बटावर, म्हणजे मुठीकडच्या जाड भागावर, 15½ असा ठसा आहे आणि पिवळसर पट्टीवर ‘बरोज अँड वॉट्स, सोहो स्क्वेअर, लंडन’ अशी अक्षरे आहेत. सोनाराच्या काट्यावर तिचे वजन 431 ग्रॅम भरले. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तिचे 1,500 रुपये देऊ केले आहेत. ही किंमत योग्य आहे का, आणि विकण्यापूर्वी ती पॉलिश करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर पहिल्या प्रश्नाला अर्थ उरणार नाही. क्यूला पॉलिश करू नका, पॉलिश पेपर लावू नका, तेल चोळू नका आणि सैल झालेली टिप, म्हणजे बारीक टोकावरची चामड्याची चकतीसुद्धा बदलू नका. कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ पुसा आणि तेवढ्यावर थांबा. मी गेली 34 वर्षे इंदुरात आणि महूत बिलियर्ड्सची टेबले बसवणे, त्यांचे कापड बदलणे आणि क्यूंची दुरुस्ती करणे हे काम करीत आहे. या कामाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी स्नेहलतागंजातील एका गृहस्थांनी मला अशीच एक क्यू दिली होती. ती ‘नव्यासारखी’ करून द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी ती बटापर्यंत घासली आणि लाखेचे पॉलिश चढवले. काम संपल्यावर लक्षात आले की बटाच्या सपाट भागावरचा वजनाचा ठसा आणि त्याखाली खिळ्याच्या टोकाने कोरलेली कुणाची तरी दोन आद्याक्षरे माझ्याच हातांनी पुसली गेली होती. मालक खूश होते. ती क्यू कोणाची होती हे मात्र त्यानंतर कोणालाच कळणे शक्य नव्हते. ही गोष्ट मला आजही टोचते, म्हणून ती येथे सांगितली.

आता वस्तूची ओळख. आपल्याकडे असलेली क्यू पूलची नाही. ती इंग्लिश बिलियर्ड्सची किंवा स्नूकरची आहे, आणि हा फरक केवळ नावाचा नाही. पूलची अमेरिकन क्यू सहसा मेपल लाकडाची, मध्यभागी जोड असलेली आणि 12 ते 13 मिलिमीटर टिपेची असते. तिच्या मुठीवर बहुधा लिननचा दोरा किंवा चामडे गुंडाळलेले असते. इंग्लिश क्यू बहुतांशी अ‍ॅश लाकडाची असते, तिचा बट आबनुसाचा असतो, टिप 9 ते 11 मिलिमीटरची असते आणि बटाच्या एका बाजूला चपटा भाग तासून त्यावर निर्मात्याची पट्टी बसवलेली असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, बाणासारख्या एकाखाली एक चढत गेलेल्या रेषा स्पष्ट दिसतात. त्या अ‍ॅशच्या आहेत. दोन्ही प्रकारांचे ग्राहक वेगळे आणि बाजारही वेगळे आहेत. ‘जुनी पूल क्यू’ म्हणून शोध घेतला की जॉर्ज बालाबुष्का यांच्यासारख्या अमेरिकन कारागिरांच्या क्यूंच्या मोठमोठ्या किमती समोर येतात आणि माणूस भलत्याच हिशेबात गुंततो. बालाबुष्का यांनी 1959 पासून 1975 मध्ये निधन होईपर्यंत क्यू बनवल्या, त्यांच्या नावाच्या नकलाही पुष्कळ झाल्या, पण आपल्या वस्तूशी त्या जगाचा काही संबंध नाही. स्नूकरचा उगम 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असे मानले जाते, त्यामुळे महूच्या मेसमधून अशी क्यू बाहेर पडण्यात नवल काहीच नाही; पण तेवढ्यावरून आपली क्यू त्या काळातली ठरत नाही.

किंमत ठरवताना मी सर्वांत आधी बटाचा जोड पाहतो. नाव त्यानंतर. आबनुसाचे काळे लाकूड जेथे अ‍ॅशमध्ये वर चढत जाते, तेथे चार टोके तयार होतात. हाताने जोडलेल्या क्यूत कारागीर अ‍ॅशच्या दांड्याच्या चारही बाजू तिरप्या तासतो, त्यांवर एकेक करून आबनुसाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतो आणि मग सगळे रंधून गोल करतो. म्हणून त्या टोकांचा माथा अंगठ्याच्या नखासारखा गोलसर येतो आणि चारही टोके काटेकोर एका उंचीवर येत नाहीत. एखादे दोऱ्याभराने वर असते, एखादे खाली. यंत्राने जोडलेल्या क्यूत दोन लाकडे एकमेकांत गुंफलेल्या बोटांप्रमाणे बसवतात आणि टोके भाल्यासारखी सरळ व अणकुचीदार येतात. तिसरा प्रकार नुसता रंगवलेल्या किंवा छापलेल्या टोकांचा. तो भिंगाखाली लगेच उघडा पडतो, कारण लाकडाची रेष काळ्या भागातून पांढऱ्या भागात न तुटता सरळ निघून जाते. आपल्या छायाचित्रातील टोके गोलसर आहेत, डावीकडचे टोक थोडे खाली आहे आणि पट्टीच्या बाजूला तपकिरी लाकडाची एक पातळ धार दिसते. मला ती हाताने जोडलेली वाटते आणि आपल्या क्यूच्या बाजूने असलेली ही सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

यानंतर नाव. बरोज अँड वॉट्स ही 1836 साली स्थापन झालेली लंडनची पेढी होती आणि सोहो स्क्वेअर हा तिचा प्रसिद्ध पत्ता. थर्स्टन, अ‍ॅक्रिंग्टनचे रायली आणि लिव्हरपूलचे पेराडन ही त्याच क्षेत्रातील इतर मोठी नावे. नाव मोठे असल्याने क्यूची प्रतिष्ठा वाढते, पण याच कारणाने ती दुर्मीळ राहत नाही, कारण या पेढ्यांनी क्लब आणि मेस यांना हजारोंनी क्यू पुरवल्या. संग्राहक जास्त पैसे मोजतात ते खेळाडूच्या नावाच्या पट्टीला. अशा पट्टीवर पुष्कळदा विक्रमही कोरलेला असतो आणि तो काळ ठरवायला फार उपयोगी पडतो. बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रम यांनी 4,137 गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण, 1932 साली केला. तो आकडा पट्टीवर असेल तर क्यू त्याआधीची असूच शकत नाही. स्नूकरपटू जो डेव्हिस यांच्या 147 च्या ब्रेकचा उल्लेख असेल तर 1955 च्या आधीचा प्रश्नच येत नाही. मात्र हे गणित एकाच दिशेने चालते. विक्रमानंतर कित्येक वर्षे तीच पट्टी वापरली जात असे, म्हणून ‘याच्या आधीची नाही’ एवढेच म्हणता येते, ‘याच वर्षाची’ असे म्हणता येत नाही. थर्स्टनच्या क्यूवर लेस्टर स्क्वेअरचा पत्ता असेल तर 1901 नंतरचा काळ धरता येतो, कारण पेढी त्या साली तेथे गेली. आपल्या पट्टीवर खेळाडूचे नाव नाही आणि विक्रमही नाही. त्यामुळे ती कोणत्या दशकातील आहे हे केवळ अक्षरांवरून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. क्यू अखंड, म्हणजे मधे जोड नसलेली आहे. दोन तुकड्यांच्या क्यू इंग्लिश खेळात साधारण 1970 नंतर सर्रास वापरात आल्या, म्हणून ती त्याआधीची असण्याचा संभव मोठा आहे.

ती पट्टी कशाची आहे हे पाहणे मात्र अत्यावश्यक आहे आणि त्याचे कारण कायद्यात आहे. जुन्या पट्ट्या हस्तिदंताच्या, हाडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असत. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि खिडकीजवळचा उजेड एवढे पुरेसे आहे. हाडाच्या पृष्ठावर बारीक काळपट ठिपके किंवा चरे दिसतात. ती पूर्वीच्या रक्तवाहिन्यांची छिद्रे असतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, उभ्या बाजूवर नुसत्या लांब लहरी दिसतात. सेल्युलॉइड एकसारखे सपाट दिसते आणि बोटाने जोरात चोळल्यास कापरासारखा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो मानू नका. सेल्युलॉइड पेट घेते आणि हाड असो वा हस्तिदंत, पट्टीला कायमचा डाग पडतो. पट्टी किंवा टिपेखालची फेरूल (टोकावरची छोटी कडी) हस्तिदंताची निघाली, तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनुसार भारतात तिचा व्यापार करता येत नाही, वस्तू आजोबांची असली तरी. अशा वेळी विक्रीचा विचार बाजूला ठेवून वन विभागाकडे लेखी चौकशी करणे हाच मार्ग आहे. आपल्या पट्टीच्या कडेला जी बारीक तडकलेली जाळी दिसते आणि जो एकसारखा पिवळेपणा आहे, त्यावरून ती सेल्युलॉइडची असावी असा माझा कयास आहे. पण छायाचित्रावरून मी याची खात्री देत नाही.

लांबी आणि वजन या दोन आकड्यांतून किती गोष्टी उलगडतात, हे आपल्याच क्यूवरून दाखवतो. बटावरचा 15½ हा औंसांचा आकडा आहे. एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, म्हणजे कारखान्यातून निघताना ती सुमारे 439 ग्रॅमची होती. आज ती 431 ग्रॅम आहे. फरक 8 ग्रॅमचा. लांबी 56¾ इंच आहे आणि अशा क्यू सामान्यतः 57 ते 58 इंचांच्या असतात, म्हणून कोणीतरी ती कापली असावी अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा की कापली तर कोणत्या टोकाकडून. टिपेकडे दांडा जेमतेम 10 मिलिमीटर जाडीचा असतो, तेथील एक इंच लाकडाचे वजन दीड ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. बटाकडे जाडी 29 ते 30 मिलिमीटर असते आणि लाकूड जड असते, त्यामुळे तेथील एक इंच गेला तर 15 ग्रॅमहून अधिक वजन जाते. आपला फरक 8 ग्रॅमचाच आहे, म्हणून बटाकडून इंचभर तुकडा कापला गेला नसावा असे म्हणता येते. टिपा आणि फेरूल बदलताना दर वेळी थोडे थोडे लाकूड जाऊन वरच्या टोकाकडून इंचभर लांबी कमी झाली असेल आणि उरलेले वजन लाकूड वर्षानुवर्षे माळ्यावर सुकल्यामुळे घटले असेल. टिपेकडची अशी झीज संग्राहक समजून घेतात. बट कापलेला असेल तर क्यूची किंमत निम्म्याखाली जाते, असा माझा अनुभव आहे. पडताळा घ्यायचा असेल तर बटाचे तळ पाहा: चपट्या भागाची कड तळापाशी अचानक तुटल्यासारखी दिसत असेल किंवा पट्टी तळाच्या अगदी कडेला आली असेल, तर कापाकापी झाली आहे असे समजावे.

सरळपणाची परीक्षा बहुतेक लोक क्यू टेबलावर गडगडवून घेतात. क्यू एका टोकाला निमुळती असते आणि बटाची एक बाजू चपटी असते, म्हणून चांगली क्यूसुद्धा गडगडताना उडते. त्यापेक्षा ती बंदुकीसारखी डोळ्याशी धरून बटाकडून टिपेकडे पाहावे आणि हळूहळू पूर्ण एक वेढा फिरवावी. बाक असेल तर एका ठरावीक स्थितीत दांड्याची कड कमानीसारखी दिसते आणि अर्धा वेढा दिल्यावर तीच कमान उलट होते. बाक टिपेकडच्या अर्ध्या भागात हलकासा असेल तर फारसे बिघडत नाही. जोडाच्या वरच्या भागात असेल तर खेळाडू ती घेणार नाही. इंदूरचे हवामान या बाबतीत कठोर आहे. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि जुलैत तीच हवा ओलसर होते. लाकूड दर वर्षी आकसते आणि फुगते. त्या पत्र्याच्या नळीने आपली क्यू वाचवली आहे. जोड सुटला आहे का हे पाहण्यासाठी क्यू मध्यावर दोन बोटांत सैल धरा आणि बटावर दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. घट्ट जोडाचा आवाज भरीव येतो. पट्टी सुटलेली असेल तर बारीक खरखर ऐकू येते.

त्या नळीबद्दल आपण एकाच वाक्यात लिहिले आहे आणि व्यापाऱ्याने ती ‘फुकट राहू द्या’ असे म्हटल्याचे कळवले आहे. ती देऊ नका. काळा रोगण दिलेली, झाकणाला कडी असलेली मूळ नळी क्यूबरोबर असणे ही संग्राहकाच्या दृष्टीने स्वतंत्र किमतीची गोष्ट आहे, आणि आपल्या नळीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात तीन आद्याक्षरे दिसतात. ती ज्या अधिकाऱ्याची असतील त्याचे नाव आजोबांच्या एखाद्या कागदात, शिफारसपत्रात किंवा मेसच्या समूह-छायाचित्रामागे लिहिलेले सापडले, तर घरातील आठवणीला पुरावा मिळेल. पुराव्याशिवाय सांगितलेल्या हकिकतीचे बाजारात काही मिळत नाही. मी स्वतः अशा हकिकतींवर विश्वास ठेवतो, पण ग्राहकाला त्या कारणाने एक रुपयाही जास्त मागत नाही. आजोबांची ट्रंक अजून उघडलेली नसेल तर विक्रीआधी ती उघडा.

आता पैशांविषयी. किंमत शोधताना कोणी किती मागितले याकडे पाहू नका. किती रुपयांना वस्तू खरोखर विकली गेली ते पाहा. विक्रीच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे पाहता येतात आणि लिलावगृहांचे निकालही प्रसिद्ध होतात. त्यांतून आपल्या क्यूशी जुळणाऱ्या, म्हणजे त्याच पेढीच्या, हाताने जोडलेल्या, अखंड आणि खेळाडूच्या नावाविना असलेल्या किमान चार-पाच विक्री काढा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून द्या. लिलावाच्या आकड्यात ग्राहकाने वर भरलेले शुल्क धरलेले आहे की नाही हे तपासा, आणि विक्रेत्याच्या हातात पडते ती रक्कम त्याहून बरीच कमी असते हेही ध्यानात ठेवा. इंग्लंडमधील आकडे रुपयांत बदलून तेच येथे मिळतील असे मानणे चूक आहे. जवळजवळ पाच फूट लांबीची अखंड वस्तू सुरक्षित पाठवणे हाच मोठा खर्च आहे. शिवाय क्यू 100 वर्षांहून जुनी ठरली तर पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, 1972 आडवा येऊ शकतो. अशा पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपल्या क्यूचा काळ निश्चित नाही, म्हणून परदेशी ग्राहकाशी बोलणी करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेणे इष्ट आहे.

देशातच विकायची झाली तर ग्राहक तीन प्रकारचे भेटतात. हॉटेलच्या किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यासाठी घेणारा सर्वांत कमी देतो आणि त्याला जोडाशी देणेघेणे नसते. खेळाडू वापराच्या दृष्टीने पाहतो. आज बहुतेकांना 17 ते 18 औंसांची क्यू लागते, म्हणून आपली 15½ औंसांची क्यू त्यांना हलकी वाटेल आणि ते तिच्यात वजन घालण्याची भाषा करतील. तिसरा संग्राहक. तो इंदुरात विरळा आहे. मुंबई, कोलकाता आणि बंगळूर येथे जुन्या क्लबांच्या परंपरेमुळे तो भेटण्याची शक्यता अधिक. आपली क्यू या तिसऱ्या ग्राहकाची आहे.

देऊ केलेले 1,500 रुपये हा माझ्या मते यंत्राने जोडलेल्या, नाव नसलेल्या क्लबच्या क्यूचा भाव आहे. पट्टी मूळची असेल, बट कापलेला नसेल आणि जोड घट्ट असेल, तर आज नवी, हाताने जोडलेली साधी क्यू ज्या किमतीला मिळते तिच्या खाली आपण उतरू नये; नळी आणि कागद सापडले तर त्याच्या वर जावे. ही लाखांची वस्तू आहे अशी आशा मात्र मी लावणार नाही. खेळाडूच्या नावाची पट्टी नसलेल्या, चांगल्या पेढीच्या अनेक क्यू आजही घराघरांत आहेत.

व्यापाऱ्याला आठ दिवस थांबायला सांगा. तेवढ्यात मला पाच छायाचित्रे पाठवा: चारही टोके वेगवेगळ्या बाजूंनी, पट्टी तिरप्या उजेडात, बटाचे तळ, टिप व फेरूल यांचा बाजूने घेतलेला भाग, आणि नळीच्या झाकणावरची अक्षरे. प्रत्येक छायाचित्रात शेजारी एक मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवा. तोपर्यंत क्यू भिंतीला टेकवून उभी ठेवू नका; नळीत घालून, घरातल्या थंड खोलीत, कपाटाच्या फळीवर आडवी ठेवा.